सात मैलांचा माग

सोमवार, ७ ऑक्टोबर १९५७, चिंचवड

कुत्रा आज आला. खडकीच्या एका मिलिटरी साहेबाकडचं पिल्लू. नर, वय पाच महिने, बाप अल्सेशियन, आई मिश्र. वजन चौतीस पौंड. सशांच्या काट्यावर मावेना, म्हणून भांडारातल्या काट्यावर केलं. ताप १०१.४, म्हणजे कुत्र्याच्या मानाने ठीक.

कल्पना दौलतरावांची. ते आमच्या औषध कंपनीच्या पहाऱ्याचे प्रमुख, पंधरा वर्षं फौजेत होते. कंपनीच्या तिन्ही बाजूंना शेतं आहेत आणि कुंपण नुसतं तारेचं, त्यामुळे पत्रे, तारा, रिकामी पिंपं जातात. "माग काढणारा कुत्रा ठेवला की चोर गाव सोडतील," असं त्यांनी मालकांना सांगितलं. शिकवणार कोण, यावर मालक म्हणाले, जनावरं ज्यांच्याकडे, कुत्रा त्यांच्याकडे. जनावरं माझ्याकडे आहेत, म्हणजे बेचाळीस ससे. सलाइनचा प्रत्येक घाणा तयार झाला की त्यातलं थोडं तीन सशांच्या कानात टोचते आणि दर तासाला ताप पाहते. ताप चढला नाही तर माल बाहेर जातो.

मला कुत्र्यांची आवड नाही. पण नाही म्हणण्याच्या स्थितीत मी नाही. फेब्रुवारीअखेर माझं उमेदवारीचं वर्ष संपतं. आमचे प्रमुख यशवंतराव यांनी मला घेताना स्पष्ट सांगितलं होतं, "मिस पोंक्षे, या प्रयोगशाळेत बाई पहिल्यांदाच येते आहे. प्रयोग म्हणून घेतो." कायम झाले नाही तर मिरजेला दादाकडे परत जायचं. तिथे काय ठरलेलं आहे ते मला माहीत आहे.

दौलतरावांनी त्याचं नाव रेक्स ठेवलं. सशांना आम्ही नावं देत नाही, क्रमांक देतो.

बुधवार, ९ ऑक्टोबर

दौलतरावांनी फौजेची एक इंग्रजी पुस्तिका दिली. काही पानं वाळवीने खाल्ली आहेत. वाचून पद्धत ठरवली. एक माणूस शेतातून चालत जाऊन लपेल, याला माग टाकणं म्हणायचं. त्याच्या कपड्याचा तुकडा कुत्र्याला हुंगवायचा. कुत्रा जमिनीवरच्या वासाने त्याच्यापर्यंत जाईल, समोर बसेल, एकदाच भुंकेल. बक्षीस त्या लपलेल्या माणसानेच द्यायचं. इतर कोणाच्याही हातून काही खायला द्यायचं नाही, माझ्याही नाही.

माग टाकायला गोजाबाईंना घेतलं. त्या ससेघर झाडतात, पिंजरे धुतात. वय चाळीसच्या आसपास, नवरा नाही. यांची जमीन कंपनीच्या आवारात गेली, त्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती यांची. पवनेकाठच्या वस्तीत दीर रंगराव यांच्या घरात राहतात. नोकरी आहे तोवर त्या घरात पाटावर बसून जेवते, असं त्यांनी मला एकदा पिंजरे धुताना सांगितलं होतं. मी काही विचारलं नव्हतं.

गोजाबाई अनवाणी चालतात, त्यामुळे जमिनीवर वास चांगला राहील.

सोमवार, १४ ऑक्टोबर

पहिला माग. सकाळी सव्वासहा, वारा पश्चिमेचा, मंद. बाजरी काढलेलं रान, अंतर तीस पावलं. दोन मिनिटांत शोधून काढलं. गोजाबाईंनी पदरातून भाकरीचा तुकडा काढून दिला.

"ह्याला रेक्स म्हनायचं? जिभंला गाठ पडती ताई. रेक्याच म्हनते मी."

दौलतराव पाहायला आले होते. मला म्हणाले, "बाई, हुकूम एकदाच द्यायचा. दोनदा दिला की ती विनंती होते."

"मंग आमच्या घरात समद्या इनंत्याच हायती," गोजाबाई म्हणाल्या.

दौलतराव हसले नाहीत. त्यांनी वेलदोडा तोंडात टाकला. त्यांच्या खिशात नेहमी वेलदोडे असतात, सकाळी सव्वासहालासुद्धा.

मंगळवार, २९ ऑक्टोबर

दिवाळीचे चार दिवस सोडून रोज माग. आज दोनशे पावलं, एक वळण. चूक नाही.

गोजाबाईंनी दिवाळीत शेवेचा डबा आणून दिला होता. रिकामा डबा परत देणं बरं दिसत नाही, आणि माझ्याकडे घालायला काही नव्हतं. काचेच्या बुचाची एक बाटली दिली, तोंडाला टवका गेलेली. प्रयोगशाळेत ती बादच झाली होती. मिठाला चांगली, असं म्हणाल्या.

रविवार, १७ नोव्हेंबर

नमुन्यांची व्यवस्था नीट केली. गोजाबाईंच्या जुन्या लुगड्याचे सारखे चौकोन फाडले, तीन इंच बाय तीन इंच. प्रत्येक तुकडा वेगळ्या बुचाच्या बाटलीत ठेवला, म्हणजे एकाचा वास दुसऱ्याला लागणार नाही. रोज एक बाटली.

आज गोजाबाई म्हणाल्या, "ताई, येकांद दिस दुसऱ्या कुनालातरी पळवा की ह्या ढेकळातनं. रोज माजाच वास. त्याला वाटंल, जगात मी येकलीच हाय."

मी समजावून सांगितलं. अंतर, वळणं आणि मधला वेळ मी वाढवते आहे, त्याच वेळी माणूसही बदललं तर चूक कशाने झाली ते कळणार नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमी शिकल्याल्या."

मंगळवार, ३ डिसेंबर

दौलतरावांनी हट्ट धरला की आज ते स्वतः माग टाकणार. पायातला मोजा काढून दिला आणि गोडाऊनमागे जाऊन बसले. रेक्सने मोजा हुंगला, तीनदा शिंकला, आणि मागे वळून थेट ससेघराकडे गेला. गोजाबाई पाणी भरत होत्या. त्यांच्यासमोर बसला, एकदा भुंकला. त्यांच्याकडे भाकरी नव्हती. गाजराचं देठ दिलं, ते त्याने खाल्लं.

दौलतराव खाकी कपडे झटकत आले. "बाईमाणसाच्या हाताखाली शिकला, बाईमाणसाकडेच जाणार."

नोंद अशी केली: मोज्याला वेलदोड्याचा आणि आणखी कसला तरी उग्र वास. नमुना दूषित. निकाल ग्राह्य नाही. पुन्हा करणे. दौलतरावांना त्यानंतर वेळ झाला नाही.

गुरुवार, १९ डिसेंबर

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मालकांपुढे प्रात्यक्षिक. यशवंतराव म्हणाले, "नीट झालं तर तुमच्या कागदावर त्याचा उल्लेख करता येईल."

दादाचं पत्र. उत्तर दिलं नाही.

बुधवार, १५ जानेवारी १९५८

प्रात्यक्षिक झालं. पाऊण मैल, पाच वळणं, शाळूच्या उभ्या पिकातून, टाकल्यावर दीड तासाने. माग टाकणार गोजाबाई. नवीन माणूस घ्यावं असं मनात आलं होतं. पण मालकांपुढे नवी गोष्ट करून पाहणं धोक्याचं वाटलं.

रेक्सला वीस मिनिटं लागली. शेवटी शाळूच्या ताटांमधून गोजाबाईंचा आवाज आला, "आलास व्हय रं बाबा, चावून काढलं मला ह्या किड्यांनी." मालक मोठ्याने हसले. टाळ्या झाल्या. मालकांनी दौलतरावांचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली.

गोजाबाईंनी सगळ्यांना तिळगूळ दिला. रेक्सलाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते.

सकाळी आठ वाजता यशवंतरावांनी बोलावलं. स्पिरिटच्या खोलीत पिंपांची मोजणी केली होती, कारण गुरुवारी अबकारी खात्याचा इन्स्पेक्टर यायचा आहे. अकरा गॅलन कमी. दारूबंदीत हे स्पिरिट सोन्यासारखं जपावं लागतं. खोलीला दोन कुलपं, एक किल्ली यशवंतरावांकडे, दुसरी दौलतरावांकडे. कुलपं शाबूत होती. मागच्या खिडकीची जाळी फाटलेली होती. हिशेब लागला नाही तर परवाना जाईल, आणि परवान्याशिवाय कंपनी महिनाभरही चालणार नाही.

दौलतराव म्हणाले, "चोर बाहेरचा. कुत्रा आणा." जाळीला अडकलेली एक चिंधी त्यांनी चिमट्याने काढून मला दिली. खाकी, मळकट, दोन बोटं लांब. चिमटा वापरला हे योग्य केलं.

नऊ वाजून दहा मिनिटांनी रेक्सला चिंधी हुंगवली. खिडकीखाली त्याने दोन वेढे घेतले. मग ससेघरापाशी जाऊन पिंजऱ्यांसमोर थांबला. गोजाबाईंची आज सुट्टी होती. तिथून निघाला तो फाटकातून बाहेर, शाळूच्या बांधाने खाली, पवनेकडे. नाक जमिनीला, दोरी ताठ. इतका सरळ तो यापूर्वी गेला नव्हता. मागे दौलतराव, दोन पहारेकरी, यशवंतराव, चौकीवरून आलेला फौजदार, एक शिपाई आणि वाटेत जमलेली माणसं.

वस्तीतल्या तिसऱ्या घराच्या अंगणात गोजाबाई सुपात ज्वारी पाखडत होत्या. रेक्स त्यांच्यासमोर बसला. एकदा भुंकला.

त्यांनी वर पाहिलं. मी दिसले, बाकीची माणसं दिसली. आणि त्या हसल्या.

"आज सुट्टी न्हवं का माजी? आनि मी तर मागबी टाकला न्हाई. तरी काढलास व्हय रं रेक्या, येवड्या लांबनं." सूप खाली ठेवून त्या उठल्या, शिंक्यातली भाकरी काढली, तुकडा मोडला आणि त्याला दिला.

दौलतराव फौजदाराला म्हणाले, "लिहा. कुत्रा आरोपीसमोर बसला. आरोपीने कुत्र्याला खायला घालून वश करण्याचा प्रयत्न केला."

घराची झडती झाली. स्पिरिट मिळालं नाही. चुलीमागे काचेच्या बुचाची बाटली मिळाली, त्यावर कंपनीचा शिक्का, आत मीठ. पंचनाम्यात घेतली.

दीर रंगराव दारात उभे होते. म्हणाले, "आमचा काय बी संबंद न्हाई. तिचं तिनं बगावं."

गोजाबाई माझ्याकडे आल्या. "ताई, सांगा की ह्यांस्नी. त्यो मला वळकतो म्हनून आला. आनि बाटलीचं बी सांगा."

मी म्हटलं, "चौकशी होऊ द्या."

हेच शब्द. दोरी माझ्या हातात होती. रेक्स अजून भाकरी खात होता. पंचनामा लिहिणाऱ्याने मला बाटलीबद्दल काही विचारलं नाही.

परत येताना यशवंतराव म्हणाले, "उत्तम काम केलंत."

बुधवार, ५ फेब्रुवारी

गोजाबाई चौकीवर आहेत. ससेघर मीच झाडलं.

घाणा क्रमांक २१२. तिघांपैकी एका सशाला १०४.२ ताप, बाकी दोघे ठीक. नियमाप्रमाणे एकट्या सशावरून निकाल द्यायचा नाही, नवे ससे घेऊन पुन्हा करायचं. तसं कार्डावर लिहिलं. मग पेन ठेवून बराच वेळ बसले. साडेचारची गाडी चिंचवड स्टेशनात शिरल्याचं ऐकू आलं तेव्हा उठले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

गोजाबाईंना काल सोडलं. माल मिळाला नाही, खटला उभा राहत नाही. पण कंपनीने आजच्या तारखेने कामावरून काढलं. अबकारी इन्स्पेक्टरने पंचनामा पाहिला, चहा घेतला, "माग लागला होता, पुरावा मिळाला नाही" असा शेरा मारला आणि परवाना कायम ठेवला.

सोमवारपासून ससेघर झाडायला रंगराव येणार. घरटी एक नोकरी, म्हणून.

बुधवार, १२ फेब्रुवारी

जे डिसेंबरात करायला हवं होतं ते काल आणि आज केलं.

आवाराच्या चारपैकी तीन कोपऱ्यांत तीन माणसं बसवली: भांडाराचे कारकून ज्योतीराम, कँटीनच्या कौशल्याबाई आणि एक हमाल. चौथ्या कोपऱ्यात माणूस नाही, फक्त गोजाबाईंची लेंड्या उचलायची जुनी पाटी. तिघांच्या कपड्यांचे तुकडे आळीपाळीने हुंगवले. प्रत्येकी तीन वेळा, एकूण नऊ. रेक्स नऊच्या नऊ वेळा पाटीसमोर जाऊन बसला आणि भुंकला.

दहाव्या वेळी काहीच न हुंगवता सोडला. पाटी.

ज्योतीराम म्हणाले, "बाई, ह्याला माग काढता येत नाही. ह्याला गोजाबाई काढता येतात."

हुंगवलेला वास शोधायचा, हे मी त्याला शिकवलं असं मला वाटत होतं. त्या तुकड्याला त्याच्या लेखी काही अर्थ नव्हता. तुकडा पुढे केला की गोजाबाईंना शोधायचं आणि भाकरी घ्यायची, एवढंच तो शिकला. तीन डिसेंबरला त्याने हे मला स्पष्ट दाखवलं होतं. निकाल ग्राह्य नाही, असं मी लिहिलं. सतरा नोव्हेंबरला गोजाबाईंनी सांगितलं होतं. तेही मी लिहिलं आहे. सशांसाठी मी तीन ससे घेते. इथे चार महिने एकच बाई घेतली आणि त्याला शिस्त समजले.

चिंधी खाकी होती. गोजाबाईंच्या घरात खाकी काही नाही. खाकी कोण घालतं ते आवारात सगळ्यांना दिसतं. हे चार तारखेला माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी चिमट्याचं कौतुक लिहिलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

अहवाल लिहिला. चार पानं, दोन तक्ते. चिंधीच्या रंगाची नोंद, बाटली मी दिल्याची नोंद तारखेसह. यशवंतरावांना दिला. त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. ते कोणताही कागद अर्धवट वाचत नाहीत.

"निर्दोष प्रयोग आहे," ते म्हणाले. "सदोष होता तो पहिला. म्हणजे तुमचा."

"हो."

"अबकारी खात्याला एक उत्तर मिळालेलं आहे. ते काढून घेतलं की प्रश्न परत येतो. कुलपांना किल्ल्या दोन. एक माझ्याकडे."

"दुसरी दौलतरावांकडे."

"मी दुसरीबद्दल बोललो नाही, मिस पोंक्षे. तुम्हीही बोलू नका." त्यांनी कागद सारखे केले आणि माझ्याकडे सरकवले. "तुम्हाला कायम करण्याचा कागद सोमवारी मालकांपुढे जातो. त्यात या कुत्र्याच्या कामाचा उल्लेख मी केलेला आहे. आता सांगा, तो खोडायचा का?"

ते आवाज चढवत नाहीत. उत्तराची वाट पाहत त्यांनी चष्मा पुसला.

"आणि ती बाई?" मी विचारलं.

"तिच्यावर खटला नाही. सुटली ती."

मी अहवाल परत घेतला. दुमडला नाही. खोलीवर आणून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

कायम झाले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

दुपारी गोजाबाई फाटकावर आल्या होत्या असं ज्योतीरामांकडून कळलं. चार महिने रेक्सच्या बाटल्यांसाठी फाडलं त्यातलं उरलेलं लुगडं ससेघरात राहिलं होतं, ते न्यायला. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. रंगरावांनी लुगडं कुंपणावरून बाहेर टाकलं.

मी त्या वेळी ताप मोजत होते. मला कोणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तर गेले असते की नाही, हे इथे लिहिता येत नाही, कारण मला माहीत नाही.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

सकाळी साखळी तुटलेली, रेक्स नाही. पट्ट्याची कडी वाकलेली होती.

रंगराव पिंजरे धूत होते. त्यांना विचारलं, गोजाबाई कुठे आहेत.

"तिकडं, म्हायेरी. निघोज्याला. भावाकडं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोलीस आल्याल्या घरात आमच्या पोरींस्नी कोन बगाया येनार? म्हनून म्हटलं, तू जा. इचारपूस करू नगा बाई, मला काम हाय."

दौलतराव म्हणाले, "गेला तर जाऊ दे. दुसरं पिल्लू बघतोय. तुम्हीच शिकवायचं." त्यांनी वेलदोडा पुढे केला. मी घेतला नाही. शोध करून वहीत नोंद करा, असं मात्र त्यांनी बजावलं. कुत्रा कंपनीच्या मालमत्तेत धरलेला आहे.

रविवार, २ मार्च

निघोज्याला गेले. चिखलीपर्यंत टांगा मिळाला, पुढे पायी. तळवड्याखाली इंद्रायणी उतारातून ओलांडली, पाणी गुडघ्याच्या खाली. चिंचवडपासून सात मैल धरायला हरकत नाही. गोजाबाई सोमवारी दुपारी फाटकावरून निघाल्या. रेक्स रात्री केव्हा तरी सुटला. म्हणजे माग दहा-बारा तासांचा. मी त्याला दीड तासाच्या पुढे कधी नेलं नव्हतं. नदीपाशी वास तुटतो. तिथे त्याने काय केलं असेल ते मला सांगता येत नाही.

गोजाबाई भावाच्या परड्यात गोवऱ्या थापत होत्या. रेक्स भिंतीच्या सावलीत पडला होता, बांधलेला नव्हता. त्याने मला पाहून शेपूट हलवली आणि जागेवरच राहिला.

"आलात," गोजाबाई म्हणाल्या.

बसा म्हणाल्या नाहीत. पाणी विचारलं नाही. सात मैलांवरून आलेल्या माणसाला या भागात कोणीही पाणी विचारतं.

"रेक्स इथे असेल असं वाटलं," मी म्हटलं.

"हाय. आला तवा पाय फुटलं हुतं. हळद भरली." त्यांनी हात धुतले, पदराला पुसले. रेक्स उठून त्यांच्यासमोर जाऊन बसला. एकदा भुंकला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पाच दिस झालं, रोज आसाच बसतोय म्होरं. मी तुकडा देत न्हाई. तुकडा दिला की माजा गुन्हा हुतो. भाऊ घालतो त्याला, तर त्याच्या हातचं नाइलाजानं खातो."

मी पिशवीतून पोळी काढून त्याच्यापुढे धरली. त्याने तोंड फिरवलं. माझ्या हातून खायचं नाही, हा नियम मीच घातला होता.

"ताई, तुमी तर रोज लिवायच्या. किती पावलं, किती येळ, वारा कुनीकडचा. माजं बी लिवलं आसंल."

"लिहिलं आहे."

"खरं?"

"हो. चूक माझी होती, तेही लिहिलं आहे. आणि बाटलीचं."

"मंग दावलं कुनाला?"

"साहेबांना."

"त्ये काय म्हनले?"

"मी परत घेतलं."

त्यांनी मान हलवली. रोजचं अंतर सांगितल्यावर हलवत तशीच.

"न्या मग ह्याला. कंपनीचं जितराब. न्हाईतर म्हनतील, दारू चोरली, आता कुत्रंबी चोरलं. भावाचं दार तरी ऱ्हाऊ द्या मला."

"मी याला न्यायला आले नाही."

"मंग लिवून द्या. कुत्रं तुमी दिलं म्हनून. नुसत्या तोंडानं नगं. तोंडानं बाटलीबी दिल्ती तुमी."

वहीचं पान फाडलं. मांडीवर ठेवून लिहिलं: हा कुत्रा, नाव रेक्स, मी गोजाबाई यांच्या हवाली केला आहे. तारीख, संपूर्ण सही. वाचून दाखवलं.

"आनि बाटली."

त्याखाली लिहिलं: यांच्या घरी सापडलेली काचेच्या बुचाची बाटली मी २९ ऑक्टोबर १९५७ रोजी त्यांना भेट दिली होती. कुत्रा चुकीचा शिकवला गेल्याने तो यांच्याकडे गेला. शिकवणारी मी.

पुन्हा सही केली. हेही वाचून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला. अक्षरं उलटी धरली होती. घडी करून त्यांनी तो चोळीत ठेवला. मग घरात गेल्या, भाकरी घेऊन आल्या आणि तुकडा मोडला.

"घे. लई लांबनं काढलंस."

रेक्सने खाल्ला. दोघांपैकी कोणीही माझ्याकडे पाहत नव्हतं. मी निघाले. नदी ओलांडून पोळी खाल्ली.

सोमवार, ३ मार्च

कंपनीच्या वहीत नोंद केली: "रेक्स, नर, दहा महिने. दिनांक २ मार्च रोजी शोध घेतला. माग लागला नाही. कुत्रा मिळाला नाही." खाली सही केली.

मी लिहिलेली ही पहिली खोटी नोंद. निघोज्यातला कागद कोणी मागवून वाचला, तर ती आज ना उद्या खोटी ठरेल, आणि मग बाकीचंही निघेल. तारीख दोन्हीकडे तीच घातली आहे, सही दोन्हीकडे सारखी.

तो कागद गोजाबाईंना वाचता येत नाही आणि त्यांना तो कोणी विचारणार नाही, हेही मला माहीत आहे.

दौलतरावांचं नवं पिल्लू गुरुवारी येणार आहे.